एतदग्ग : अग्र कोण, आणि कोणांमध्ये?

कोल्हापूर म्हणजे काय, असे परगावच्या माणसाने विचारले की उत्तर तयार असते : अंबाबाईचे देऊळ, तांबडा-पांढरा रस्सा, खासबागेतील कुस्ती आणि पायातील चप्पल. पर्यटनाच्या माहितीपत्रकापासून भेटवस्तूंच्या दुकानापर्यंत हीच नामावली फिरत असते. प्रत्येक वर्गातून एक अस्सल नमुना काढावा व त्याला बाकी साऱ्यांच्या वतीने उभे करावे, ही हौस या एका नगराची नाही. वाङ्मयात 'प्रातिनिधिक' कविता निवडल्या जातात, आणि ज्यात सारा धम्म आला असे एकच सुत्त सांगा, असा आग्रह धरणारे उपासकही आम्हांस भेटतात. निवड करणे गैर आहे असे आमचे म्हणणे नाही. त्रिपिटकातच निवडींचा एक स्वतंत्र वग्ग आहे. तो शेजारी ठेवून पाहिला असता आजच्या निवडींत नेमके काय खटकते, हे अधिक स्पष्ट होते.

हा भाग म्हणजे अंगुत्तरनिकायाच्या एककनिपातातील एतदग्गवग्ग. एका-एका गुणाचे नाव घेऊन त्या गुणात अग्रस्थानी कोण, हे तथागत येथे सांगतात. महाप्रज्ञांमध्ये सारिपुत्त, ऋद्धिमंतांमध्ये महामोग्गल्लान, बहुश्रुतांमध्ये आनंद. भिक्खुणींचे १३ निर्देश आहेत, उपासकांचे व उपासिकांचे प्रत्येकी १०, आणि भिक्खूंचे त्याहून पुष्कळ अधिक. वर्ग लहानसहान गोष्टींचेही आहेत. मधुर स्वरासाठी लकुंटक भद्दियाचे नाव आहे, जाडेभरडे चीवर वापरण्यासाठी किसागोतमीचे, आणि सर्वांआधी शरण येण्यासाठी तपुस्स व भल्लिक या दोन व्यापाऱ्यांचे. एकटा आनंद पाच ठिकाणी अग्र आहे. 'सर्वांत श्रेष्ठ शिष्य कोण?' हा प्रश्न मात्र या वग्गात कोठेच येत नाही.

पाली व्याकरणाच्या अभ्यासकास येथील विभक्ती लक्षणीय वाटेल. ज्या समूहातून निवड करावयाची त्याची षष्ठी विभक्ती प्रत्येक वाक्यात आहे. व्याकरणकार हिला निर्धारणाची षष्ठी म्हणतात. कोणांमध्ये, हे सांगितल्यावाचून अग्र कोण हे सांगताच येत नाही, अशी ही वाक्यरचना आहे. आजच्या निवडींत गळते ती हीच षष्ठी. आणि ती गळाली नाही तर पुष्कळदा चुकीची लागते. ही दुसरी चूक आम्हांस अधिक गंभीर वाटते.

उपालीचे उदाहरण घ्यावे. तो शाक्यांचा न्हावी. एतदग्गवग्गात तो अग्र आहे तो विनयधरांमध्ये. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकस्सपाने विनयाविषयी प्रश्न केले ते यालाच. खुज्जुत्तरा ही कोसंबीच्या राजवाड्यातील दासी. अट्ठकथेनुसार ती तथागतांचे उपदेश ऐकून येई व सामावती राणीला आणि तिच्या परिवाराला सांगे. इतिवुत्तकाचे जतन तिच्या स्मरणाने झाले असे परंपरा मानते. ती उपासिकांत अग्र आहे ती बहुश्रुत म्हणून. नाभिकांमध्ये अग्र उपालि किंवा दासींमध्ये अग्र खुज्जुत्तरा, असे वाक्य त्या यादीत नाही. जन्माने लादलेले काम हा त्यांचा गट धरलेलाच नाही. गुण हाच गट, आणि त्या गटात राजपुत्र, ब्राह्मण, न्हावी व दासी एकाच मापाने मोजले गेले.

यावर एक आक्षेप येईल व तो टाळणे बरे नव्हे. याच यादीत 'उच्चकुलीनांमध्ये अग्र' असाही एक निर्देश आहे. तेथे नाव आहे काळिगोधापुत्र भद्दियाचे. कुळाचा गट तथागतांनी मान्य केला काय? आमच्या मते उत्तर विनयपिटकाच्या चुल्लवग्गात मिळते. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येसाठी अनुपिया येथे आले, तेव्हा त्यांनी विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा अभिमान उतरेल. त्या राजपुत्रांत भद्दिय होता, आणि परंपरा त्यालाच काळिगोधापुत्र मानते. उच्चकुलीनांत जो अग्र ठरला, त्याने न्हाव्यापुढे मस्तक नमविलेले होते. हा योग केवळ योगायोग असावा असे आम्हांस वाटत नाही. तरीही ही यादी सर्वसमावेशक आहे असा दावा आम्ही करणार नाही. थेरगाथेतील सुनीत, जो वाळलेली फुले झाडून जगत असे, त्याचे नाव तीत नाही.

आता चपलेकडे वळू. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याची, हाताने शिवलेली ही चप्पल पादत्राणांमध्ये अग्र आहे, हे कोणीही मान्य करील. २०१९ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला तो महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांसाठी. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही 'कोल्हापुरी' हे एकट्या कोल्हापूरचे नाव राहिलेले नाही. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे याच घडणीच्या सँडल मूळ स्थानाचा उल्लेख न करता मांडल्या, आणि टीका झाल्यावर भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. त्या गदारोळात नगराच्या अस्मितेविषयी पुष्कळ बोलले गेले. कातडे कमावणारा ढोर व चप्पल शिवणारा चर्मकार यांच्याविषयी त्या मानाने थोडे.

आमचे काही मित्र म्हणतात, जातीने लादलेल्या धंद्याचा अभिमान बौद्धांनी का बाळगावा? प्रश्न रास्त आहे. जात ही कामाची नव्हे, काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील निबंधात दाखवून दिले. परंतु आमच्या मते दोष चपलेच्या गौरवात नाही, तिच्या षष्ठीत आहे. चप्पल शिवणाऱ्याची गणना आपण चर्मकारांमध्ये करतो आणि त्याला तेथेच अग्र म्हणतो. आकृतीची जाण असणाऱ्यांमध्ये, कातड्याचा स्वभाव ओळखणाऱ्यांमध्ये, अर्थात नगरातील चित्रकार व शिल्पकार यांच्या पंक्तीत त्याचे नाव घेतले जात नाही. वस्तू सर्वांची होते आणि माणूस जातीचा राहतो.

वाङ्मयातही हेच घडते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. दलित आत्मकथनांत ते अग्रगण्य, असे वाक्य किती प्रबंधांत आले असेल याची गणती नाही. मराठी आत्मचरित्रांमध्ये त्याचे स्थान कोणते, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारला जातो. पहिले वाक्य खोटे नाही. मात्र ते वारंवार म्हटल्याने दुसऱ्या प्रश्नातून सुटका होते. मराठीचे अध्यापक हे सदहेतूनेच करतात. म्हणूनच ते दाखवून देणे अवघड जाते.

बाबासाहेबांच्या बाबतीत तर ही संकोचाची क्रिया वर्षातून किमान दोनदा, जयंतीस व महापरिनिर्वाणदिनी, चालते. 'दलितांचे कैवारी' हे विशेषण आदराने लिहिले जाते. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ, १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूरमंत्री आणि संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, हे सारे त्या एका षष्ठीत झाकले जाते.

कोल्हापुरात याला एक जुना अपवाद आहे. ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. त्यांच्या हयातीत उभारलेला हा पहिला पुतळा म्हणून तो सांगितला जातो, आणि 'सर्वांत आधी' हा वर्ग तपुस्स-भल्लिकांमुळे एतदग्गवग्गालाही परका नाही. आम्हांस मात्र त्याची जागा अधिक बोलकी वाटते. तो वस्तीच्या तोंडाशी नाही, गावाच्या हमरस्त्यावर आहे, आणि शेजारी महात्मा फुले आहेत. बागलांनी तेथे कोणत्या समूहातील दोन माणसे निवडली, हे त्या चौकातून जाणाऱ्याने स्वतःशी विचारून पाहावे.