थ्युसिडिडीस : तहनामा आणि संवाद

अथेन्स-स्पार्टा युद्धाचा (इ. स. पू. ४३१–४०४) जो वृत्तांत थ्युसिडिडीसानें लिहिला, त्यांतील सर्वच मजकूर सारख्या तोलाचा मानणें आम्हांस मान्य नाहीं. पांचव्या भागांत इ. स. पू. ४२० मधील अथेन्स, आर्गोस, मँटिनिया व एलिस यांच्या तहाची नक्कल आहे. त्याच तहाचा भग्न शिलालेख एकोणिसाव्या शतकांत अथेन्स येथें सांपडला. ग्रंथाच्या संपूर्ण पोथ्या दहाव्या शतकापलीकडे जात नाहींत. तरी किरकोळ पाठभेद वगळतां शिला व पोथी जुळतात. म्हणजे ग्रंथकारानें इमान राखलें, आणि सुमारें तेराशें वर्षें नकलकारांनींही.

त्याच भागांतील मेलॉसचा संवाद (इ. स. पू. ४१६) मात्र निराळा. ती बोलणीं लोकसभेपुढें न होतां मोजक्या अधिकाऱ्यांपुढें झालीं, आणि ग्रंथकार तेव्हां हद्दपार होता. भाषणें प्रसंगोचित रचलीं, मूळ आशय शक्य तितका राखला, असें तो स्वतःच सांगतो. मेलॉसच्या पुरुषांची कत्तल झाली, बायकामुलें गुलाम म्हणून विकलीं गेलीं, हें वृत्त ग्राह्य. परंतु संवादांतील वाक्यें अथेन्सच्या वकिलांचे प्रत्यक्ष उद्गार म्हणून उद्धृत करणें प्रमाणास सोडून होय. तो पुरावा आहे खरा, पण ग्रंथकाराच्या मताचा. बखरींतील संभाषण व अस्सल पत्र यांत आमचे संशोधक जो विवेक पाळतात, तोच येथेंही पाळला पाहिजे.