पेंबर्लीचा विटाळ

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही १८१३ सालची कादंबरी. प्रेमाने वर्गाची भिंत पाडली, असा तिचा गौरव वर्षानुवर्षे होत आला आहे. हा गौरव मला तपासून घ्यावासा वाटतो. भिंत पाडणे वेगळे आणि भिंतीच्या आत दालन बदलणे वेगळे.

डार्सीचे वार्षिक उत्पन्न १०,००० पौंड, एलिझाबेथच्या वडिलांचे २,०००. अंतर मोठे, पण दोन्ही घरे दुसऱ्यांनी कसलेल्या जमिनीवर जगणारी. डार्सीची मावशी लेडी कॅथरीन लग्नाला आडवी येते, तेव्हा ती चक्क विटाळाची भाषा बोलते. या सोयरिकीने डार्सीचे पेंबर्ली बाटेल, हे तिचे दुखणे. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. त्यावर एलिझाबेथ काय म्हणते? माणसे समान आहेत, असे नाही. तो खानदानी, मीही खानदानी घरची लेक, म्हणून आम्ही बरोबरीचे! तिचा बाणेदारपणा खरा. पण त्यात स्वतःच्या पायरीचा दाखला आहे, पायऱ्यांना नकार नाही.

खालच्या पायरीवरची माणसे कुठे आहेत? एका शिपायाला फटके मारल्याची बातमी मेजवानी आणि लग्नाच्या गप्पांसोबत एकाच वाक्यात येऊन जाते. नाचासाठी बुटांवरची शोभेची फुले हवी असतात. पावसामुळे मुली घरातच राहतात आणि ती दुसऱ्याकडून आणवतात. भिजले कोण, ते लेखिका सांगत नाही. कारभाऱ्याचा मुलगा विकॅम लग्नाच्या वाटेने वर चढू पाहतो, त्याच्या वाट्याला खलपुरुषाची भूमिका येते. व्यापारातून पैसा आलेल्या घरातला बिंगली मात्र सहज सामावला जातो.

वर्ग आणि जात यांतला फरक येथेच कळतो. बिंगलीला पैशाने दार उघडून दिले; जातीच्या दाराला ती किल्ली लागत नाही. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालच्या निबंधात दाखवले. १९३६ साली त्यांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला आणि त्याच्या आड येणाऱ्या शास्त्रप्रामाण्यावरच घाव घातला.

ही कादंबरी फेकून द्या, असे माझे म्हणणे नाही. लग्न मालमत्तेची राखण कशी करते, पोटासाठी शार्लटला कॉलिन्स कसा पत्करावा लागतो, हे ऑस्टिनने भाबडेपणा न करता दाखवले आहे. ते आपण शिकावे. पण प्रेमकथा लिहिणाऱ्या आपल्या तरुणांनी शेवटचे पान लिहिताना स्वतःला एवढे विचारावे: आपली नायिका उंबरठा ओलांडून आत गेली, की तिने उंबरठाच उखडला?