फलकावर नसलेली मुलं

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी फलक लागतात. त्या कौतुकाला आमचा विरोध नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं शेतमजुराचं पोर गुणवत्ता यादीत येतं, त्यामागे गुरुजींचे कितीतरी जादा तास असतात.

पण त्या फलकावरून आपण अख्ख्या शाळेचा दर्जा ठरवतो, तिथं आमची हरकत आहे. परीक्षा काय मोजते ते बघा. दोन पेपर, प्रत्येकी 150 गुण. भाषा, गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता. चार पर्याय आणि काळा करायचा गोल. मुलाला स्वतःचं एक वाक्यसुद्धा लिहावं लागत नाही. शिवाय परीक्षा ऐच्छिक. समजा, वर्गात 30 मुलं. 10 बसवली, 10 पास झाली. निकाल 100 टक्के! मग उरलेली 20 कुठल्या टक्केवारीत धरायची?

शाहू महाराजांनी 1917 साली याच संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या हिशेबात शेवटचं पोरही धरलेलं होतं.

ही परीक्षा चौथी-सातवीची 2016-17 पासून पाचवी-आठवीला गेली, आता पुन्हा चौथी-सातवीकडे निघाली आहे. इयत्ता कुठलीही ठेवा, न बसवलेल्या मुलांचा प्रश्न तसाच राहतो.

तेव्हा फलक लावाच. फक्त खाली एक ओळ वाढवा : पटावर किती, बसली किती.