विदर्भप्रश्नाचा उगम : दोन करारांच्या भाषेचे परीक्षण

विदर्भाच्या स्वायत्ततेचा वाद १९५३ च्या नागपूर करारापासून सुरू झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. विदर्भाचे समर्थक त्या कराराच्या भंगाकडे बोट दाखवितात, तर संयुक्त महाराष्ट्राचे समर्थक भाषेच्या ऐक्याकडे. दोन्ही पक्षांच्या विवेचनात प्रश्नाचा आरंभ मात्र बराच अलीकडे ओढला जातो. बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासाकडे दृष्टी टाकली असता या मांडणीतील उणीव स्पष्ट होते.

याच जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे १७२४ साली निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि वऱ्हाडावरील निजामाच्या स्वामित्वाचा पाया घातला गेला. पुढे नागपूरकर भोसल्यांचा वसुलीचा हक्क त्यावर बसला व प्रांतात दुअंमल निर्माण झाला. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा हक्क संपला. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड कंपनीकडे सोपविले. १९०२ मध्ये सालीना २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात ते इंग्रज सरकारला कायम पट्ट्याने मिळाले. आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडण्यात आले. नागपूरचे राज्य मात्र १८५४ मध्येच खालसा झाले होते. अर्थात वऱ्हाड व नागपूर यांची आधुनिक काळातील एकत्र प्रशासकीय वाटचाल १९०३ पूर्वीची नव्हे. ‘विदर्भ’ हे नाव प्राचीन आहे. त्या नावाखाली आज ओळखला जाणारा घटक तुलनेने अर्वाचीन आहे. नावाच्या प्राचीनतेवरून राजकीय घटकाची प्राचीनता सिद्ध करणे हा शब्द आणि वस्तू यांतील गल्लतीचा प्रकार होय.

याहून महत्त्वाचा मुद्दा करारांच्या शब्दयोजनेचा आहे. ऑगस्ट १९४७ च्या अकोला कराराने एका प्रांतात पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत कल्पिले आणि त्यांना स्वतंत्र विधिमंडळ व मंत्रिमंडळ देऊ केले. संयुक्त प्रांत न झाल्यास स्वतंत्र महाविदर्भाचा पर्यायही त्यात होता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात हा ‘उपप्रांत’ नाहीसा होऊन त्याची जागा ‘घटका’ने घेतली. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्या व उच्च शिक्षणात वाटा, वर्षातून विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन नागपुरास, अशी कलमे आली. पहिल्या करारात प्रदेश हा निर्णय घेणारा कर्ता आहे. दुसऱ्यात तो दुसऱ्याने दिलेले घेणारा संप्रदान आहे. सत्तेच्या वाटणीऐवजी लाभाची वाटणी आली, हा बदल सहा वर्षांत घडला. करार पाळला गेला की नाही एवढ्याच वादात गुंतलेले समीक्षक या मूलभूत स्थित्यंतराकडे दुर्लक्ष करतात.

भाषेच्या युक्तिवादाचेही तसेच आहे. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये बुलढाण्यासह आठ मराठी जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचविले. आयोगासमोर अणे, बियाणी यांनी मांडलेली मागणी मराठी भाषकांच्या दोन राज्यांची होती. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात वऱ्हाडी व नागपुरी यांना मराठीच्याच बोली म्हणून स्थान आहे. तेव्हा भाषेने ऐक्य सिद्ध होते, विश्वास नव्हे. आणि बोलीभेदाने वेगळेपण दिसते, राज्य नव्हे. हा तंटा भाषेचा नसून सत्तेच्या अंतराचा आहे.

१९५६ मध्ये घटनेच्या ३७१ (२) कलमाने राज्यपालांच्या विशेष जबाबदारीची व विकास मंडळांची तरतूद झाली. मंडळे प्रत्यक्षात १९९४ मध्ये आली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. तत्पूर्वी १९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेष जिल्हावार मोजला होता. ही मोजणी उपयुक्त खरी, तथापि तिचे व्याकरण नागपूर कराराचेच होते. पाण्याचा वा रस्त्याचा अनुशेष आकड्यांत मांडता येतो. त्यावर निर्णय कोणी घ्यावा, हा अकोला कराराने विचारलेला प्रश्न आकड्यांत मावत नाही. मुंबई आणि नागपूर या दोन्ही केंद्रांपासून दूर, पश्चिम सीमेवर असलेल्या बुलढाण्याच्या दृष्टीने हा प्रश्न अधिकच खरा आहे. राज्य एक असो वा दोन, निर्णयाचे स्थान जिल्ह्याच्या किती जवळ येते, यावरच कोणत्याही भावी कराराची कसोटी लागेल.