पेशींच्या मधल्या जागेचे काय?

प्रकाशाच्या साहाय्याने औषध कार्यान्वित करून रोग बरा करण्याच्या पद्धतींवर मराठीत अधूनमधून लेख येतात. ते आम्ही आवडीने वाचतो, वर्गातही वापरतो. पण वाचताना एक गोष्ट सतत खटकते. त्यांत सगळी कथा पेशीची असते. औषध पेशीत शिरते, प्रकाश पडतो, पेशी मरते, रोगी बरा होतो. दोन पेशींच्या मध्येही काही असते, त्यावरही प्रकाश पडतो आणि उपचाराचे यशापयश पुष्कळदा त्यावरच ठरते, याचा उल्लेख शोधूनही सापडत नाही.

याचे मूळ आमच्या मते आपल्याच फळ्यावर आहे. भिंतीत जशी वीट तशी शरीरात पेशी, असा दाखला आपण देतो आणि विटांच्या मधल्या चुन्याविषयी गप्प बसतो. संयोजी ऊतींच्या पाठात 'आधारक' हा शब्द येतो, विद्यार्थी तो पाठ करतात आणि परीक्षेनंतर तो मागे पडतो. खरे पाहता त्वचेच्या आतल्या थरात, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांत, डोळ्याच्या पारपटलात पेशी विरळ असतात. बहुतेक जागा आधारकाने व्यापलेली असते. त्यात कोलॅजेन या प्रथिनाचे दोरखंडासारखे तंतू असतात आणि पाणी धरून ठेवणारे शर्करायुक्त पदार्थ असतात. हे सारे पेशीच तयार करतात. जुने तंतू कापून टाकणारी विकरेही त्याच सोडतात.

आता रूढ कथा पाहू. १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला असे दिसले की, ॲक्रिडीन या रंगद्रव्यात ठेवलेले पॅरामेशियम उजेडात मरतात, अंधारात तगतात. त्याचे गुरू हेर्मान फॉन टापाइनर यांनी ते काम पुढे नेले. या क्रियेला ऑक्सिजन लागतो हेही लक्षात आले. पुढे पॉर्फिरिन गटातील रंगद्रव्ये कर्करोगासाठी वापरात आली आणि १९९३ साली कॅनडात फोटोफ्रिन या औषधाला मान्यता मिळाली. प्रकाश शोषलेले रंगद्रव्य आपली ऊर्जा ऑक्सिजनला देते आणि तो ऑक्सिजन अतिशय क्रियाशील होतो. तो फार काळ टिकत नाही; पेशीच्या व्यासाच्या मानाने अगदी थोडे अंतर जाऊन नाहीसा होतो. म्हणून लेखक लिहितात की, ही पद्धत 'निवडक' आहे, शेजारच्या ऊतीला धक्का लागत नाही. यातले पहिले विधान बरोबर, दुसरे अर्धे बरोबर.

बरोबर किती, ते १९८७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील डॉक्टरांनी उंदरांच्या मोठ्या आतड्यावर केलेल्या प्रयोगात दिसते. लेसरच्या उष्णतेने आतडे भाजले की त्याच्या भिंतीतील कोलॅजेन नासते, भिंत कमजोर होते आणि फुटण्याचा धोका वाढतो. रंगद्रव्य आणि प्रकाश वापरून तेवढाच भाग मारला तर पेशी मेल्या तरी कोलॅजेनची चौकट बव्हंशी शाबूत राहिली आणि भिंतीची ताकद टिकली. मुरबाड-शहापूरच्या मुलांना हा फरक सांगायला राबाचा दाखला चांगला. पावसाआधी राब भाजतात तेव्हा पालापाचोळ्याबरोबर मातीचा वरचा थरही भाजून निघतो. याउलट सिद्धगडाच्या उतारावरचे झाड उभ्याउभ्या वाळले तरी त्याच्या मुळांची जाळी काही काळ माती धरून ठेवते. पहिले उष्णतेचे काम, दुसरे प्रकाशाचे. (दाखला लंगडा आहे हे खरे. झाड मेले म्हणून माती आपणहून बदलायला लागत नाही. शरीरातला आधारक मात्र लागतो. त्याकडे पुढे येऊ.)

पण रूढ कथेचा खरा तोकडेपणा उघडा पडतो तो डोळ्यात. केराटोकोनस या विकारात डोळ्याचे पारपटल मध्यभागी पातळ होत जाऊन शंकूसारखे पुढे येते. त्याची जाडी मुळातच सुमारे अर्धा मिलिमीटर. विकार बहुधा किशोरवयात सुरू होतो, चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो आणि पुढे चष्म्यानेही नीट दिसत नाही. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे वोलेन्झाक, श्प्योर्ल आणि झायलर यांनी यावर जो उपाय काढला, त्यात कोणतीही पेशी मारायची नव्हती. पारपटलावर रिबोफ्लेविनचे, म्हणजे आपल्या ओळखीच्या ब-२ जीवनसत्त्वाचे, ०.१ टक्का द्रावण मुरवायचे आणि ३७० नॅनोमीटरचे अतिनील किरण ३० मिनिटे सोडायचे. रासायनिक रीत साधारण तीच: रंगद्रव्य, प्रकाश, ऑक्सिजन. परिणाम मात्र असा की, आधारकातील रेणूंमध्ये नवे बंध तयार होतात आणि पारपटल ताठ होते. मृत्यूनंतर काढलेल्या मानवी पारपटलांच्या पट्ट्यांवर त्यांनी मोजले तेव्हा ताठरपणा सुमारे साडेचार पट झाला होता. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या अहवालात २२ रोग्यांचे २३ डोळे होते. सगळ्यांत विकाराची वाढ थांबली आणि १६ डोळ्यांत फुगवटा थोडा ओसरलाही. अमेरिकेत या उपचाराला २०१६ साली मान्यता मिळाली. प्रकाशाने चालणाऱ्या उपचारांत हा आज जगभर वापरला जाणारा उपचार आहे आणि त्याचे लक्ष्य पेशी नाही, आधारक आहे!

येथे पेशी उपऱ्या ठरतात, पण त्या सुटत नाहीत. वरच्या सुमारे ०.३ मिलिमीटरमधील पेशी या उपचारात मरतात आणि काही महिन्यांनी बाजूने नव्या येतात. पारपटलाच्या सर्वांत आतल्या थरातील पेशी मात्र माणसात पुन्हा तयार होत नाहीत. त्या वाचाव्यात म्हणून पारपटल निदान ०.४ मिलिमीटर जाड असावे, असा मूळ पद्धतीचा नियम आहे.

गणित आवडणाऱ्या शिक्षकांसाठी येथे एक सुंदर उदाहरण आहे. दर चौरस सेंटिमीटरला ३ मिलिवॉट या दराने ३० मिनिटांत ५.४ ज्यूल ऊर्जा पडते. ९ मिलिवॉट ठेवले तर तेवढीच ऊर्जा १० मिनिटांत पडेल. मग ३० मिनिटे कशाला? वेळ वाचवणाऱ्या पद्धती या हिशेबावरच निघाल्या. परंतु प्रकाश फार तीव्र केला तर ऊतीतला ऑक्सिजन झपाट्याने संपतो आणि हवेतून तितक्या वेगाने भरून निघत नाही. मग ज्यूल तेवढेच पडूनही ताठरपणा कमी येतो. गुणाकार बरोबर आणि उत्तर चूक, असे का होते हे मुलांना विचारण्यासारखे आहे.

महाराष्ट्राशी याचा संबंध दूरचा नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत ३० वर्षांवरील ४,६६७ लोकांचे डोळे तपासून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत केराटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के आढळले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील १९८६ सालच्या अभ्यासात ते लाखात ५४.५ होते. म्हणजे आपल्याकडे चाळीसपट! हा आकडा असाच्या असा छापणाऱ्यांना आमचा आक्षेप आहे. नागपूरच्या पाहणीत पारपटलाची वक्रता ४८ डायॉप्टरपेक्षा जास्त असणे एवढीच कसोटी लावली होती. पारपटलाच्या पृष्ठभागाचा नकाशा काढला नव्हता. मुळातच जास्त वक्र पण निरोगी असे काही डोळे त्यात मोजले गेले असणे शक्य आहे. उलट, विकार ज्या वयात सुरू होतो ते वय पाहणीबाहेरच राहिले. इतकी वजाबाकी करूनही, खेड्यांतल्या डोळ्यांकडे या दृष्टीने बघायला हवे, इतपत तो आकडा बोलका आहे.

आता शेजारच्या ऊतीला धक्का लागत नाही, या विधानाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे. जर्मनीतच रेगेन्सबर्ग येथील त्वचारोगतज्ज्ञांनी २००४ साली एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. त्वचेच्या वरच्या थरातील पेशींना रंगद्रव्य आणि प्रकाश दिला, नंतर त्या ज्या द्रवात वाढत होत्या तो द्रव आतल्या थरातील तंतू बनवणाऱ्या पेशींवर घातला. या दुसऱ्या पेशींवर प्रकाश पडलाच नव्हता; तरी त्या कोलॅजेन कापणारी विकरे जास्त सोडू लागल्या. क्रियाशील ऑक्सिजन जागीच संपतो, निरोप मात्र पुढे जातो. घट्ट झालेली त्वचा सैल करण्यासाठी याचा उपयोग करता येईल, असा विचार त्यामागे होता. हाच आधारक उलट दिशेनेही जाऊ शकतो. अन्ननलिकेतील कर्करोगपूर्व बदलांवर फोटोफ्रिन वापरले तेव्हा सुमारे एक तृतीयांश रोग्यांत अन्ननलिका आकसली, कारण खोल जखम भरताना तंतू दाट झाले. उपचाराच्या दिवशी चौकट शाबूत होती, एवढ्यावर लेख संपवणारे लेखक पुढच्या आठवड्यांचा विचार करत नाहीत.

बावचीचीही हीच तऱ्हा. कोडावर बावची लावून उन्हात बसणे हा आपल्याकडचा जुना उपाय. तिच्या बियांतून सोरालेन वेगळे केले ते भारतीय रसायनतज्ज्ञांनी, १९३३ साली. सोरालेन अतिनील प्रकाशात पेशीतील डीएनएला चिकटते, हे आता बऱ्याच लेखांत असते. पण तोच अतिनील प्रकाश त्वचेच्या आतल्या थरापर्यंत पोचतो, तेथे कोलॅजेन कापणारी विकरे वाढवतो, आणि वर्षानुवर्षे उन्हात राबणाऱ्याची मान सुरकुतते ती त्यामुळेही. दवाखान्यात प्रकाश मोजून देतात. अंगणात तो मोजणारे कोणी नसते, आणि भाजून फोड येतात. 'वनस्पती आणि सूर्यप्रकाश, म्हणून निर्धोक' हे वाक्य ज्या लेखात असेल तो मुलांना देऊ नये, असे आम्ही स्पष्टपणे सुचवतो.

वर्गात दाखवण्यासारखी एक गोष्ट सोपी आहे. ब-२ जीवनसत्त्वाची गोळी कुटून पाण्यात विरघळवावी, पाणी गाळून घ्यावे आणि अंधाऱ्या खोलीत नोटा तपासण्याच्या दिव्याखाली धरावे. पाणी पिवळट हिरवे चमकते: रिबोफ्लेविनने अतिनील प्रकाश शोषल्याची ती खूण. दिवा कोणाच्याही डोळ्यांकडे वळू देऊ नये.

आणि सिद्धगडाच्या पायथ्याच्या शाळांत, आश्रमशाळांत, जो मुलगा सारखे डोळे चोळतो, त्याच्याकडे वेगळे लक्ष द्यावे. डोळे चोळण्याचा या विकाराशी संबंध आढळला आहे. ताठ केलेले पारपटल पुढे फुगायचे थांबते, गेलेली जाडी परत येत नाही. म्हणून महिने महत्त्वाचे. अशा मुलाला नेत्रतपासणीसाठी पाठवताना चिठ्ठीवर नुसते 'नजर कमी' असे लिहू नये. चष्म्याचा नंबर गेल्या वर्षभरात किती वेळा आणि किती बदलला, हे जुन्या चिठ्ठ्या पाहून तारखांसह लिहावे.