ठेका देणारा हात

पुणतांबा म्हटले की कुणाला गोदावरीचा घाट आणि चांगदेवांची समाधी आठवते, कुणाला २०१७ सालचा शेतकऱ्यांचा संप आठवतो, आणि दौंड-मनमाड मार्गाने जाणाऱ्या बहुसंख्य मंडळींना गाडी थोडा वेळ थांबते ते एक स्टेशन, यापलीकडे काहीच आठवत नाही. पण १२ जानेवारी १९१८ रोजी याच गावात रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. तेच सी. रामचंद्र. गोव्याचे ट्रम्पेटवाले, मुंबईच्या हॉटेलांतले नाचाचे वाद्यवृंद आणि आपली घरगुती सुरावट यांना एका पंक्तीला बसवणारा हा माणूस आमच्या नदीकाठचा. त्यांच्या चालींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. लताबाईंनी त्या कशा गायल्या याविषयी त्याहून अधिक. मला लिहायचे आहे ते त्या गाण्यांतल्या अशा एका हाताविषयी, ज्याच्याकडे समीक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. तो ठेका देणारा हात.

हा हात मला ऐकू येऊ लागला तो जरा लांबच्या वाटेने, पॅरिसवरून. गेली दोन वर्षे मी गिटार शिकतो आहे. तीही गाणे वाजवण्याची नव्हे, निव्वळ साथीची, आणि तीसुद्धा ज्याला जिप्सी जाझ म्हणतात त्या संगीतातल्या साथीची. संध्याकाळी ओसरीवर बसून मी तास-दीड तास एकच ठेका घोटतो. आई परवा म्हणाली, ‘अरे, नुसतं खटखट करतोयस, गाणं कधी लागणार?’ आईचा प्रश्न रास्त आहे, आणि जाणकार म्हणवणारे रसिकही मनातून तोच प्रश्न विचारत असतात. साथ म्हणजे गाणे लागण्यापूर्वीची खटखट!

या संगीताचा मूळपुरुष जँगो राइनहार्ट. जन्म १९१० सालचा, बेल्जियममध्ये, भटक्यांच्या कुटुंबात. १९२८ साली त्याच्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने पुढचे सारे वैभव उभे केले. ही कथा सर्वत्र सांगितली जाते, म्हणून मी ती इथेच सोडतो. १९३४ साली त्याने व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्याबरोबर पॅरिसात पाच जणांचा ताफा उभा केला. एक व्हायोलिन, तीन गिटारी, एक डबल बास. ढोल नाही, झांज नाही, पियानोही नाही. लय धरायची कुणी? तर जँगोच्या मागे बसलेल्या दोन गिटारवाल्यांनी. त्यांतला एक त्याचा सख्खा भाऊ जोसेफ. हा दुसरा साथीदार ताफ्यात कसा आला, त्याची हकीगत मोठी बोलकी आहे. ग्रापेली वाजवतो तेव्हा त्याच्या पाठीशी दोन गिटारी असतात, एक माझी धरून. आणि मी वाजवतो तेव्हा मला एकच. हा कुठला न्याय, असे जँगोचे म्हणणे पडले. एवढा थोर वादक, आणि त्याला आपल्या मागची एक गिटार कमी पडते हे सहन होत नव्हते. साथीची किंमत त्याला पुरती ठाऊक होती.

या लोकांपैकी फ्रान्सकडचे स्वतःला ‘मानूश’ म्हणवतात, आणि त्यांच्या संगीताला तिकडे ‘जाझ मानूश’ असे नाव आहे. या शब्दाचा अर्थ सांगायला मराठी माणसाला कोश उघडावा लागत नाही. ही मंडळी सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेली. त्यांच्या बोलीत नाकाला नाक, कानाला कान आणि पाण्याला पानी म्हणतात. मात्र यावरून ‘म्हणजे हे सारे मूळचे आमचेच’ असे म्हणत छाती फुगवण्याचे कारण नाही. शब्द त्यांनी इथून नेले. हा ठेका त्यांनी तिथे घडवला.

तो ठेका असा. चार मात्रा मोजाव्यात. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला वरच्या जाड तारांना हलका स्पर्श. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला सगळ्या तारांवरून एक तुटक फटकारा, आणि तो उमटतो न उमटतो तोच डाव्या हाताची पकड सैल करायची, म्हणजे नाद जागच्या जागी मिटतो. म्हणूनच या वादनात मोकळ्या तारांचे कॉर्ड सहसा धरत नाहीत. मोकळी तार डाव्या हाताने आवरता येत नाही, ती गुणगुणत राहते. शिवाय पहिल्या मात्रेच्या किंचित आधी मनगट वर जाते, तेव्हा तारांना एक ओझरता उलटा स्पर्श होतो. तो ऐकू आला न आला असा हवा. ठळक झाला की घोडे लंगडते. फ्रेंच लोक या साऱ्याला ‘ला पाँप’, म्हणजे पंप म्हणतात.

वर्णन वाचायला चार ओळी लागल्या; हाताला सवय व्हायला महिने लागतात. यात बोटांचे कसब फारसे नाहीच. अवघड आहे ते वजनाची जागा बदलणे. हरिनाम सप्ताहात टाळ ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याचा हात आपसूक पहिल्या मात्रेवर पडतो. आपल्याकडे समेला मान असतो, सगळे तिथे येऊन भेटतात. इथे समेवर कुणी बसायचे नाही. तिला नुसता नमस्कार करून पुढच्या मात्रेवर पाऊल रोवायचे. वजनाची ही अदलाबदल केवळ आठवणीने करून चालत नाही. ती शरीरात उतरेपर्यंत खटखट चालूच ठेवावी लागते.

हे जमू लागल्यावर मी रामचंद्रांच्या गाण्यांकडे परत गेलो. त्यांचा आणि जँगोचा संबंध जोडण्याचा खटाटोप मी करणार नाही, त्याची गरजही नाही. स्विंग मुंबईत आले ते वेगळ्या वाटेने. १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकन निग्रो व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून टेडी वेदरफर्डसारखे आले. त्यांचे ऐकून आणि तबकड्या झिजवून गोव्याच्या वादकांनी ही विद्या हस्तगत केली. त्यांतला हळदोण्याचा अँटोनियो झेवियर व्हाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, रामचंद्रांचा साहाय्यक झाला. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये तो आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो.

‘शहनाई’ (१९४७) मधले ते रविवारचे गाणे घ्या. गिटार, माऊथऑर्गन, शिट्टी. त्या काळी हिंदी चित्रपटाला नवाच असलेला मेळ. नाके मुरडणारे तेव्हाही होते. पण या गाण्याचा ठेका ऐका! तो गायकाला ढकलत नाही, त्याच्या बरोबरीने चालतो, आणि मधल्या मात्रा रिकाम्या सोडतो. थट्टेला लागणारी ऐस जागा त्या रिकाम्या मात्रांत आहे. याउलट ‘आशा’ (१९५७) मधले ‘ईना मीना डीका’. त्याची लोकप्रियता मला मान्य आहे, किशोरकुमारांची धमाल मान्य आहे, पण तिथे ठेका धावतो आणि धावताना त्याला धाप लागते. वेग आहे, झुलणे नाही. दहा वर्षांच्या अंतराने केलेल्या या दोन गाण्यांत मला पहिले सरस वाटते.

रामचंद्रांवर उसनवारीचा आरोप होतो, आणि ‘समाधी’ (१९५०) मधल्या प्रसिद्ध गाण्याची चाल एका अमेरिकन गाण्यावरून घेतली होती हे उघड आहे. चाल उचलता येते. ठेका उचलता येत नाही, तो बसवावा लागतो. हिंदी शब्दांचे आघात वेगळे, श्रोत्यांची टाळी वेगळ्या मात्रेवर पडणारी. त्या दोहोंच्या मधोमध गाणे उभे करायचे, तर साथीचा कान लागतो. तो रामचंद्रांकडे होता. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा मनुष्य मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये बिंदू खाँ आणि हबीब खाँ यांच्यासाठी हार्मोनियम वाजवत होता. संगीतकार होण्यापूर्वी तो साथीदार होता. ‘अनारकली’चे (१९५३) रामचंद्र खरे आणि ‘अलबेला’चे उथळ, अशी वाटणी करणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले दिसत नाही.

आता तक्रार. गंधर्व नाटक मंडळीच्या काळात तबल्यावर थिरकवाँ आहेत, सारंगीवर कादरबक्ष आहेत, हे प्रेक्षकाला ठाऊक असे, आणि त्यासाठी तो तिकीट काढी. सिनेमाच्या तबकडीने गायकाचे नाव छापले, संगीतकाराचे छापले, आणि वादक अंधारात ढकलला. अँथनी गोन्साल्विस या व्हायोलिनच्या थोर शिक्षकाचे नाव घरोघर गेले ते १९७७ साली, शिष्य प्यारेलाल यांनी ते एका विनोदी गाण्यात गोवले म्हणून! त्या रविवारच्या गाण्यातला ठेका मी रोज हाताने गिरवतो. कोणाचा हात गिरवतो ते तबकडी सांगत नाही.

पॅरिसच्या तबकड्यांची नोंद त्या मानाने बरी आहे. नोव्हेंबर १९३७ मध्ये मुद्रित झालेले ‘मायनर स्विंग’ मिळवून ऐकावे. सोळा आवर्तनखंडांची साधी रचना, मुख्य कॉर्ड तीन. पहिल्या खेपेला जँगो ऐका, दुसऱ्या खेपेला ग्रापेली. तिसऱ्या खेपेला या दोघांनाही बाजूला ठेवून मागे बसलेले दोघे ऐका, जोसेफ राइनहार्ट आणि युजीन व्हीस. ग्रापेली वाजवत असताना जँगोला स्वस्थ बसवत नाही. तो मध्येच तारा घुमवतो, टोमणे मारतो, लक्ष वेधून घेतो. ते दोघे मात्र दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पाऊल रोवून शेवटपर्यंत चालतात, आणि जँगो पुन्हा सुरांची उधळण करायला पुढे येतो तेव्हा त्याच्या पाठीशी दोन गिटारी असतात.