शत्रू कोण होणार?

दिवाळीचा किल्ला मोडायचा दिवस हा आमच्या घरातला सगळ्यात रडका दिवस. पोतं निघतं, माती कुंड्यांत जाते, विटा जिन्याखाली आणि चित्रं बुटाच्या खोक्यात. गेल्या वर्षी ते खोकं माझ्याकडे आलं, कारण भावाची दोन्ही पोरं सुट्टीचे उरलेले चार दिवस माझ्याकडे होती आणि "आत्या, आता काय करायचं?" हा प्रश्न दर वीस मिनिटांनी येत होता. थोरली आठ वर्षांची, धाकटा सहाचा. मी नेमकं तेव्हा एच. जी. वेल्सचं 'लिटल वॉर्स' फोनवर वाचत होते. म्हटलं, चला, हे पुस्तक कितपत खरं आहे ते खेळूनच बघू.

'टाइम मशीन' आणि 'इनव्हिजिबल मॅन' लिहिणारा तोच हा वेल्स. १९११ साली त्याने 'फ्लोअर गेम्स' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं, त्यात आपल्या दोन मुलांबरोबर जमिनीवर बेटं आणि शहरं मांडण्याचे खेळ आहेत. दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, 'लिटल वॉर्स' आलं. त्यात खेळण्यातल्या शिपायांची लढाई, नियमांसकट. आज जगभर जे लोक टेबलावर इवल्या सैन्यांच्या लढाया खेळतात, ते या पुस्तकाला आद्यग्रंथाचा मान देतात. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, एका बैठकीत संपतं. त्याच्या लांबलचक उपशीर्षकात सांगितलंय, की हा खेळ बारा ते दीडशे वर्षं वयाच्या मुलग्यांसाठी आहे, आणि ज्यांना मुलग्यांचे खेळ आवडतात अशा जरा जास्त हुशार मुलींसाठीही. हे वाचून मी आधी चिडले आणि मग हसले. आमच्या थोरलीला ते वाचून दाखवलं नाही, उगाच डोक्यात हवा जायची.

खेळाचा जन्म एका तोफेतून झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये मिळणाऱ्या खेळण्यातल्या तोफेला स्प्रिंग असायची आणि ती इंचभर लांबीची लाकडी नळकांडी उडवायची. वेल्सच्या म्हणण्याप्रमाणे नऊ यार्डांवरच्या शिपायाला ती दहातून नऊ वेळा पाडायची. सँडगेटच्या घरी दुपारचं जेवण झाल्यावर एका मित्राने ती तोफ उचलून नेम धरला, तिथून सगळं सुरू झालं. पुस्तकात त्या मित्राची फक्त आद्याक्षरं आहेत, जे. के. जे. म्हणजे जेरोम के. जेरोम असं सगळे मानतात. दोन मोठी माणसं, पोटभर जेवलेली, खेळण्यातल्या तोफेने नेम धरतायत, या दृश्यासाठीच मला हे पुस्तक आवडायला लागलं.

नियम मोजके आहेत. पायदळ एका चालीत एक फूट, घोडदळ दोन फूट. तोफेजवळ सहा इंचांच्या आत निदान चार माणसं असली तरच ती डागता येते, आणि एका चालीत चार गोळे. भिडलेल्या तुकड्यांत माणसास माणूस जातो. एकाकी पडलेल्या छोट्या तुकडीतले काही कैद होतात. चाल ठरलेल्या मिनिटांत संपवायची. आणि फासे अजिबात नाहीत.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वेल्सच्या आधी प्रशियाच्या सैन्यात 'क्रीगश्पील' होतंच, १८२४ पासून, फासे आणि कोष्टकांसकट, अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी. वेल्सनंतरच्या छंदी मंडळींनीही फासे परत आणले, आणि आज अशा खेळांची जाडजूड नियमपुस्तकं मिळतात. मोठ्यांना ते ठीक आहे. पण सहा वर्षांच्या मुलाबरोबर खेळून बघा. पहिल्या दिवशी मी आळशीपणा करून सापशिडीचा फासा वापरला होता: चार, पाच, सहा पडले की समोरचा मावळा गेला. धाकट्याने तीनदा टाकला, तिन्ही वेळा एक-दोन, आणि तो फाशावर चिडून उठूनच गेला. त्याच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी रबरबँड आणि कागदाच्या घट्ट घडीची गोळी आणली. (वर्गात हेच केल्याबद्दल मी अंगठे धरून उभी राहिले आहे.) जमिनीवर पालथं पडूनच मारायची, वर नेम धरायचा नाही, आणि गोळी लागली की मावळा हलला नाही तरी पडला. आता नेम चुकला तर तो त्याचा होता. तो चुकत राहिला, पण उठला नाही. वेल्सला हे कळलं होतं: लहान मुलाला हार पचते, पण ती कुठून आली ते डोळ्यांना दिसायला हवं.

आमची खरी अडचण वेगळीच निघाली. मी खोकं ओतलं, अर्धे मावळे इकडे, अर्धे तिकडे केले आणि थोरलीने विचारलं, "शत्रू कोण होणार?" धाकटा म्हणाला, "मी नाही." ती म्हणाली, "मी तर नाहीच." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मीही नव्हतेच होणार.

तेव्हा लक्षात आलं, की आमच्या किल्ल्यावर कधीच शत्रू नसतो. वर महाराज सिंहासनावर, बुरुजाबुरुजावर मावळे, दारात तोफ, गुहेत वाघ, उतारावर अळिवाचं शेत. सैन्य सज्ज आहे, पण लढाई नाही. कुंभाराकडून आम्ही कधी समोरच्या बाजूचं सैन्य विकत आणलेलं नाही. किल्ला बघायचा असतो, दाखवायचा असतो, शेजारच्या वाड्यातल्या किल्ल्यापेक्षा उंच करायचा असतो. तो देखावा आहे. देखाव्याला एक बाजू पुरते. खेळाला दोन लागतात, आणि दुसरीकडेही कुणीतरी मन लावून बसावं लागतं.

वेल्सकडे याचं उत्तर आहे, पण ते त्याने तत्त्वज्ञान म्हणून मांडलेलं नाही, नियमांत घातलंय. त्याची सैन्यं लाल आणि निळी. कुणा देशाची नाहीत. आणि रणभूमी एकाने मांडायची, कुणी ते नाणं उडवून ठरवायचं. मांडून झाली की कुठल्या बाजूने लढायचं ते दुसरा निवडतो. वडी एकाने कापायची आणि आधी दुसऱ्याने उचलायची, तसलाच हा प्रकार. थोरलीने मांडायला घेतलं तेव्हा एका बाजूला सगळे उंच पुस्तकांचे डोंगर रचले, मग थांबली, धाकट्याकडे पाहिलं आणि दोन डोंगर मुकाट्याने पलीकडे सरकवले. त्या दोन मिनिटांत ती दुसऱ्या बाजूला बसून आली होती. आम्ही मावळ्यांच्या कमरेला लोकर बांधली, अर्ध्यांना लाल, अर्ध्यांना निळी. "दोन्हीकडे मावळेच?" धाकट्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने जरा विचार केला आणि महाराजांची मूर्ती उचलून कपाटावर ठेवली. "ते बघतील," म्हणाला. हा नियम वेल्सच्या पुस्तकात नाही.

पुस्तकात नसलेलं अजून बरंच आहे. 'फ्लोअर गेम्स'मध्ये वेल्सची एक तक्रार आहे: दुकानात शिपाई ढिगाने मिळतात, पण साधे नागरिक मिळत नाहीत. मला वाटलं, या माणसाला दिवाळीआधी आठवडाभर पुण्याच्या कुंभारवाड्यात आणून सोडायला हवं होतं. आमच्या खोक्यात गवळण आहे, शेतकरी आहे, वासुदेव आहे, किल्ल्याच्या दरवाजापेक्षा उंच अशी एक गाय आहे. पण गंमत म्हणजे नागरिकांसाठी हळहळणारा वेल्स लढाईचे नियम लिहिताना त्यांना विसरतो. त्याच्या रणभूमीवर घरं आहेत, झाडं आहेत, घरात माणसं नाहीत. 'फ्लोअर गेम्स'मधल्या बेटांवर माणसं आहेत, तर तिथे जहाजातून उतरायचं, झेंडे लावायचे आणि स्थानिकांना 'सुधारायचं' असा खेळ चालतो. तो हे जरा थट्टेने लिहितो, पण खेळतो मनापासून. ज्यांच्या आजी-पणजोबांना असंच सुधारण्यात आलं, त्यांना ते पान वाचताना ठेच लागते. मला लागली.

आमच्या खेळात गवळण थोरलीने आणली. दोन्ही सैन्यांच्या बरोबर मधे, डोक्यावर मडकं घेऊन उभी केली. मी म्हटलं, ही काय करते इथे? "तिचा रस्ता आहे हा." तिसऱ्या चालीला धाकट्याची गोळी तिला लागली. दोघंही गप्प. मग मुलांनीच नियम केला: गवळणीला गोळी लागली, तर मारणाऱ्याची तोफ त्या खेळापुरती बंद. यानंतर लढाईची सगळी चालच बदलली. नेम धरायला वेळ लागू लागला, तोफा कडेला सरकल्या, आणि पायदळाला, ज्याला आधी कुणी विचारत नव्हतं, अचानक भाव आला. खेळ म्हणूनही तो जास्त चांगला झाला, हे मला मुद्दाम सांगायचंय. दया म्हणून घातलेल्या नियमाने डावपेच वाढले.

पुस्तकाच्या शेवटी वेल्स हात झटकून उपदेशाला लागतो. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध किती बरं, दोनचारदा खेळून बघा म्हणजे मोठं युद्ध किती गाढवपणाचं असतं ते कळेल, असा त्याचा सूर आहे. हे छापून आलं १९१३ मध्ये. पुढच्याच ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं आणि हाच वेल्स, हे युद्ध युद्धांचा शेवट करणारं आहे, असे लेख लिहू लागला. यावरून त्याची टर उडवणं सोपं आहे, बऱ्याच जणांनी उडवलीही. माझी तक्रार निराळी आहे. तो उपदेश पुस्तकातला सगळ्यात कच्चा भाग आहे, कारण तिथे खेळ ओलांडून तो थेट जगाला शहाणं करायला निघतो. नाणं उडवून बाजू निवडायला लावणारा वेल्स मला या उपदेशक वेल्सपेक्षा खूप शहाणा वाटतो. त्याच्या खेळाने पुढे एक अनपेक्षित काम केलंही, पण ते लढाईच्या पुस्तकाने नाही. लंडनमधल्या मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टरीणबाईंना 'फ्लोअर गेम्स' आठवलं, आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी मनाने त्रासलेल्या मुलांसमोर वाळूचा ट्रे आणि छोटी घरं-माणसं-प्राणी ठेवले. बोलता न येणारं मुलं मांडून दाखवू लागली. आजच्या सँडप्ले उपचाराची एक मुळी तिथे आहे.

चौथ्या दिवशी एक मावळा शब्दकोशावरून फरशीवर पडला आणि त्याचा ढालीचा हात तुटला. वेल्सचे शिपाई शिशाचे, आमचे मातीचे, हा फरक तोवर माझ्या ध्यानात आला नव्हता. धाकटा रडला, अगदी मोठ्याने. लोकर निळी होती, म्हणजे थोरलीचा मावळा, त्याच्या शत्रूचा. फेविकॉल लावून तिघांनी आळीपाळीने पाच-पाच मिनिटं हात धरून ठेवला. चिकटला, पण जरा वाकडा.

या दिवाळीची यादी थोरलीने आत्ताच पाठवली आहे: तोफा दोन, गवळणी तीन, लाल लोकर संपली आहे.